काकूंना काय उत्तर देऊ?

पत्र :

स.न.वि.वि.

मी सरकारी नोकरीत विषशास्त्रज्ञ आहे. कीटकनाशकाची नोंदणी होण्याआधी कंपन्या जे बाडच्या बाड कागद सादर करतात, त्यातला प्राण्यांवरच्या चाचण्यांचा भाग तपासून मत लिहिणं हे माझं काम. अकरा वर्षं झाली. कार्यालयाबद्दल तक्रार नाही. मतभेद होतात, ते कुठे होत नाहीत?

माझं माहेर विदर्भातलं. गेल्या ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारताना चुलतभावाला विषबाधा झाली. डोळ्यांपुढे अंधारी, ओकाऱ्या, अंगाला दरदरून घाम. सहा दिवस दवाखान्यात होता, वाचला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय मारत होता? बाटली कुणी आणलीच नव्हती. कृषी केंद्राच्या बिलावरून दोन दिवसांनी कळलं. पंपात दोन औषधं एकत्र केली होती आणि त्यातल्या एकाच्या फाइलवर पाच वर्षांपूर्वीची माझी सही आहे.

दिवाळीला गेले तेव्हा काकू भांडी लावता लावता म्हणाली, "बाई, हे औषधं तुयाच हापिसातून पास होते ना वं?" टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. मी काहीतरी पुटपुटले. तेव्हापासून कुठलीही फाइल उघडली की मला तो पंप दिसतो.

त्यातच एका कीटकनाशक कंपनीच्या नोंदणी विभागातून विचारणा आली आहे. पगार जवळपास तिप्पट. नवरा म्हणतो, कागद तेच, फक्त टेबलाची बाजू बदलेल. आई म्हणते, सरकारी नोकरी सोडू नको. मला दोन्ही नकोसं झालंय. अकरा वर्षं मी नेमकं काय केलं? आणि काकूला काय उत्तर देऊ?

- अस्वस्थ, वय ४१

उत्तर :

पगाराचा प्रश्न मी मागे ठेवतो, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. आधी काकू.

मीही तुमच्याच वाटेवरचा, फक्त खालच्या टोकाचा. तुम्ही औषध बाजारात येण्याआधी बघता, मी ते आल्यावर बघायचो. राज्याच्या एका प्रयोगशाळेत कीटकनाशक विश्लेषक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, त्याचे तीन भाग करतो : एक दुकानदाराकडे, एक प्रयोगशाळेकडे, एक न्यायालयासाठी राखून. आमच्याकडे यायची ती लाखेचं सील केलेली बाटली. सील शाबूत आहे का बघायचं, नमुना यंत्रावर चढवायचा, लेबलवर ३६ टक्के लिहिलंय तर आत ३६ आहे का ते सांगायचं. बस्स, एवढंच. एका पावसाळ्यात असाच एक नमुना तपासला. अगदी दशांशापर्यंत जुळला. मी 'प्रमाणित' असा शेरा मारला. पंधरा दिवसांनी पेपरात त्याच तालुक्यातल्या एका बाईची बातमी आली. बादलीत औषध कालवता कालवता कोसळली होती. खाली औषधाचं नाव छापलेलं होतं.

मी कपाटातून अहवालाची प्रत काढली आणि तीनदा वाचली. कुठे चूक सापडतेय का ते शोधत होतो. चूक नव्हती. औषध चोख होतं. भेसळीचं असतं तर ती बाई कदाचित वाचली असती, हा विचार त्या रात्री डोक्यात शिरला तो पुरता कधी गेला नाही. तेव्हा तुम्हाला फाइलमध्ये पंप दिसतो म्हणजे काय होतं, हे मला समजावून सांगायला नको.

काकूंच्या प्रश्नातला अवघड शब्द 'पास' हा आहे. शाळेतला पास त्यांच्या डोक्यात आहे. पास झालं म्हणजे चांगलं, निर्धोक, घरात ठेवायला हरकत नसलेलं. त्यात आपल्या बोलीने त्या विषाला सरसकट 'औषध' म्हणून टाकलेलं. तुम्ही आणि मीसुद्धा या पत्रव्यवहारात तेच म्हणतोय बघा. तुमच्या कार्यालयातली नोंदणी तसं काहीच म्हणत नाही. अमुक पिकावर, अमुक मात्रेत, एवढ्या पाण्यातून, असे कपडे घालून, काढणीच्या इतके दिवस आधी थांबून मारलं तर धोका सोसण्याजोगा आहे, एवढंच ती म्हणते. सगळी गंमत 'तर'मध्ये आहे. अर्धं वाक्य औषधाबद्दल असतं आणि अर्धं माणसाबद्दल. औषधाबद्दलचं अर्धं तुम्ही अकरा वर्षं जीव ओतून तपासलंत, यात मला शंका नाही.

ही नोंदणी ज्या कायद्याने होते तो आला तोच माणसं मेली म्हणून. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक गेलं आणि ते खाऊन शंभरहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर कीटकनाशकांचा कायदा व्हायला १९६८ उजाडलं आणि नियम आले १९७१ मध्ये. कायद्याच्या शीर्षकातच हेतू सांगितलाय : आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक, वाटप आणि वापर यांचं नियमन, कशासाठी, तर माणसांना आणि जनावरांना धोका पोचू नये म्हणून. त्या ओळीत पिकाचं नाव नाही. पुढे कलम ९ मध्ये कीड मरते की नाही हेही बघायला सांगितलंय, ते ठीकच. पण तुमच्या खुर्चीचा जन्म त्या पिठाच्या पोत्यातून झालाय, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. ती जांभया द्यायची. द्यायचीच.

आता तुमच्या भावाचा पंप बघू.

लेबलवर मात्रा हेक्टरी लिहिलेली असते. शेत मोजतात एकरात आणि फवारा मारतात पंपाने. समजा लिहिलंय, हेक्टरी १ लिटर औषध, ५०० लिटर पाण्यातून. म्हणजे लिटरला २ मिलि, १६ लिटरच्या पंपाला ३२. तुम्हाला-मला हे तोंडी येतं. चिखलात उभं राहून, आभाळ भरून आलेलं असताना, दुपारच्या आत चार एकर उरकायचं असताना हा भागाकार कोण करतो? दुकानातला पोरगा सांगतो, "पंपाला दोन झाकणं." झालं. झाकण हेच माप. कंपनी बदलली की झाकणाचा आकार बदलतो, पण 'दोन' काही बदलत नाहीत.

पॉवर पंप असेल तर त्याला पाणी कमी लागतं, म्हणून साध्या पंपाच्या तिप्पट प्रमाण घ्या असं शिफारशीतच सांगितलेलं असतं. म्हणजे पाठीवर जे द्रावण आहे ते तिप्पट तिखट. झाकण गळकं असेल तर तेच पाठीवरून कमरेपर्यंत झिरपतं. तुम्ही ज्या पद्धतीने रोजची सुरक्षित मात्रा काढता, म्हणजे उंदराला ज्या मात्रेत काही झालं नाही ती घ्यायची, दहाने भागायची कारण उंदीर माणूस नाही, परत दहाने भागायची कारण सगळी माणसं सारखी नसतात, तो शंभराचा हिशेब वांगी खाणाऱ्याचा आहे. वांग्यावर फवारणाऱ्याचा हिशेब वेगळा, तो कातडीतून आणि श्वासातून जातो, आणि भिजलेला सदरा दिवसभर अंगावर ठेवणाऱ्याचा तर त्याहून वेगळा.

आणि दोन औषधं एकत्र. हा मुद्दा मला वर्षानुवर्षं छळतोय. कंपनीने दोन कीटकनाशकं स्वतः मिसळून एका बाटलीतून विकायची ठरवली तर त्या मिश्रणाची वेगळी नोंदणी लागते, वेगळ्या चाचण्या द्याव्या लागतात. तेच मिश्रण शेतकऱ्याने बांधावर पंपात केलं तर त्याची कुणाकडेच फाइल नाही. तुमच्या टेबलावर अर्ज आला तो एकाचा. त्या एकाबद्दल तुम्ही लिहिलंत. भावाच्या अंगात गेलं ते दोघांचं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, मुलूखच तुमचा. वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा खाली पडायचा तो तोंडावर. बारीक तुषार उडवणारे पंप, दमट हवा, औषधांची सरमिसळ. त्यातली एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ, गावात रोज दिसणारी. त्या सगळ्या एका माणसावर एका दुपारी एकत्र आल्या.

तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळीओळीतून विचारताय : चूक माझी का? मी तरी म्हणेन, नाही. पण एवढ्यावर तुम्हाला सोडणारही नाही. पाच वर्षांपूर्वीची ती नोट काढा. तिच्यात शेवटच्या परिच्छेदात, 'हाताळताना संरक्षक कपडे, हातमोजे व मास्क वापरणे आवश्यक' अशा अर्थाचं एक वाक्य असणार. मी पैज लावतो. आता आठवून सांगा, ते वाक्य लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं? मला सांगू नका, स्वतःला सांगा. माझ्या डोळ्यांसमोर कधीच कुणी नसायचं. ते वाक्य हाताला लागलेलं असतं, पत्राखाली 'कळावे' लिहितो तसं. तुमच्या भावाने ऑगस्टच्या त्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि ॲप्रन चढवून चार एकर मारलं असतं का? दुकानात तरी ते मिळालं असतं का? मिळालं असतं तर मजुराला कुणी दिलं असतं? ज्या अटीवर तुमचं अख्खं मत उभं आहे ती अट शेतात पाळलीच जाणार नाही हे माहीत असेल, तर ते मत अर्धवट तपासलेलं आहे. माझ्या मते तुमच्या अस्वस्थपणाचं मूळ हे आहे, आणि ते बरोबर जागी दुखतंय.

अटीचं काय होतं याचं एक उदाहरण मी विसरू शकत नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाज्यांवर वापरायला २००५ मध्ये आपल्याकडे बंदी आली. कागदावर योग्यच निर्णय. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या छपरा भागात शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. जेवणात तेच सापडलं, मोनोक्रोटोफॉस. त्या मुलांना भाजीवरच्या फवाऱ्याने मारलं नाही, कीटकनाशकाच्या डब्यातल्या तेलाने मारलं. 'रिकामा डबा पुन्हा वापरू नये' हे प्रत्येक माहितीपत्रकात असतं. त्याही पत्रकात असणार.

तरीही मी तुम्हाला खुर्ची सोडायला सांगत नाहीये, आणि त्याचं एक अगदी कोरडं, कायदेशीर कारण आहे. कलम ९ चं चौथं उपकलम. पहिल्या अर्जदाराला नोंदणी मिळाली की तेच कीटकनाशक बनवायला दुसरा, तिसरा, पन्नासावा येतो, आणि कायदा म्हणतो की त्यालाही मूळच्याच अटींवर प्रमाणपत्र द्यायचं. आपण सगळे या उपकलमाला नावं ठेवतो, 'मी-टू', म्हणजे 'मलाही द्या' म्हणून. पण याची दुसरी बाजू बघा. पहिल्या फाइलमध्ये कुणीतरी नीट बघून घातलेली एक अट पुढच्या प्रत्येक ब्रँडच्या मानगुटीवर बसते. गावातल्या कृषी केंद्रात एकाच औषधाच्या दहा नावांच्या बाटल्या असतात, दहाही बाटल्यांवर तुमचं वाक्य. डॉक्टरला, कृषी अधिकाऱ्याला, संस्थेवाल्याला, कुणालाच ही पोच नाही. आणि ते वाक्य 'संरक्षक कपडे घालावेत' एवढंच असेल तर दहा बाटल्या वाया.

म्हणून काय करा : येत्या पावसाळ्यात आठ दिवसांची रजा टाका आणि माहेरी जा. अधिकारी म्हणून नाही, पाहणी-बिहणी नाही, जीप नाही. बांधावर उभ्या राहा, वारा जिकडून येतो त्या बाजूला. पंप कोण भरतं, बहुतेक घरांत बाई भरते, तिच्या हातात काय असतं, झाकण दाताने उघडतात का, नोझल तुंबला की कोण फुंकर मारतं, जेवणाआधी हात कशाने धुतात, रिकामी बाटली कुठे जाते. माहितीपत्रक उलगडून बघा. घड्या मोजा. अक्षर वाचता येतं का ते भावाला नको, काकूंना विचारा. लेबलवरचा लाल त्रिकोण त्यांना काय सांगतो हेही विचारा. मी एकदा विचारलं होतं. समोरचा म्हणाला, "लाल म्हणजे पावरफुल, साहेब." तो त्रिकोण काढताना कुणाच्या स्वप्नातही नसेल की तो जाहिरातीचं काम करेल. पिवळा म्हणजे त्याहून मवाळ, निळा आणखी, हिरवा सगळ्यात सौम्य, ही उतरंड त्या माणसाला पाठ होती. फक्त तो ती उलटी वापरत होता. आणि तो रंग फक्त ताबडतोबीच्या विषारीपणाचा आहे, वर्षानुवर्षं अंगावर घेतल्याचा नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डीलरलाही ते माहीत नसावं.

परत आलात की पुढच्या नव्या औषधाच्या फाइलमध्ये हे सगळं ओता. कसं, ते सांगतो, कारण इथे मी बरेच हात पोळून घेतलेत. विशेषणं लिहू नका. 'अत्यंत चिंताजनक' असं लिहिलेली माझी एक नोट वरच्यांनी 'पाहिले' असा शेरा मारून फाइलला लावली. पुढच्या वर्षी मी लिहिलं, पाच बाटल्या आडव्या ठेवल्या, तीन गळल्या, चोवीस तासांत इतके इतके मिलि. ती नोट थेट कंपनीकडे गेली आणि झाकण बदललं. आकडा परतवून लावायला आकडा लागतो, विशेषण झटकायला मान हलवली तरी पुरते. तेव्हा लिहा : फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडतं याचा अभ्यास अंगभर सूट घातलेल्या माणसावर झालाय, इथे माणूस अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आणि अनवाणी असतो, तशा स्थितीतला आकडा द्या. मात्रा पंपागणिक छापा. मापाच्या खुणा असलेलं झाकण द्या. या औषधाबरोबर लोक काय मिसळतात ते आम्हाला माहीत आहे, त्या जोडीबद्दल तुमच्याकडे काय आहे? यातली प्रत्येक मागणी मान्य होईल असं नाही. नोंदणी देणारी समिती आहे, तिथे पीक बघणारी माणसं आहेत, तीही काही मूर्ख नसतात. बोंडअळीने पीक गेलं तर त्याच घरात दुसऱ्या प्रकारचा मृत्यू होतो, हे ती बोलून दाखवतील आणि ते खरं आहे. तुमची मागणी फेटाळली तर फेटाळल्याचं कारण लिहिलं जाईल. ते लिहिलं जाणं हाही तुमच्या कामाचा भाग आहे.

कारण या क्षेत्रात वेळ शेतीसारखा लागत नाही, झाडासारखा लागतो. ६६ जुन्या कीटकनाशकांची फेरतपासणी करायला २०१३ मध्ये समिती बसली. अहवाल आला २०१५ मध्ये. १८ वर बंदीचा आदेश निघाला २०१८ मध्ये, आणि त्यातल्या ६ ना ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मुदत मिळाली. मे २०२० मध्ये आणखी २७ वर बंदीचा मसुदा आला, आणि २०२३ पर्यंत त्यातली मोजकीच बंदीच्या यादीत उरली. चिडायला भरपूर जागा आहे, मीही चिडलो. पण त्या समितीने तरी काय वाचलं असेल? तुमच्यासारख्यांनी कधीकाळी लिहून ठेवलेले कागदच ना. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी 'ही चाचणी अपुरी आहे' अशी एक ओळ लिहिली नसती तर काढायला धागाच नव्हता.

'अकरा वर्षं मी नेमकं काय केलं?' असं थोडं खालच्या आवाजात विचारलंय तुम्ही. त्यावर एक गोष्ट. अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी खासगी प्रयोगशाळा होती. औषधं, कीटकनाशकं, सगळ्यांच्या विषचाचण्या तिथे व्हायच्या. १९७६ मध्ये एड्रियन ग्रॉस नावाचा सरकारी विकृतिशास्त्रज्ञ तिथला एका वेदनाशामकाच्या उंदरांवरचा अहवाल वाचत बसला होता, आणि त्याला त्यातले आकडे पटेनात. त्याने मूळ नोंदी मागवल्या. पुढे उघडलं ते भयंकर होतं. मेलेल्या उंदरांच्या नावापुढे 'फार कुजलेला' अशा अर्थाची तीन अक्षरं, तपासणीच नाही, तरी निष्कर्ष तयार. त्या प्रयोगशाळेच्या भरवशावर किती तरी कीटकनाशकं बाजारात होती. १९८३ मध्ये तिथल्या तीन माजी अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. आज तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अभ्यासावर जी 'जीएलपी'ची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चांगल्या कार्यपद्धतीची, मोहोर असते, मूळ नोंदी जपण्याचा, स्वतंत्र गुणवत्ता तपासनीसाचा जो आग्रह असतो, तो या प्रकरणानंतरचा. सुरुवात एका माणसाच्या टेबलावर झाली, कागद वाचताना. शेतात तो गेला नव्हता, हेही खरं. त्याच्या प्रश्नाला शेताची गरज नव्हती, तुमच्या आहे.

आता कंपनी. तिकडे जाणं हे पाप आहे असं मी म्हणणार नाही. माझे दोन चांगले सहकारी गेले, त्यातल्या एकीने तिथे बसून एक वाईट औषध अर्जाच्या पायरीवर येण्याआधीच गाडलं, जे आम्हाला इकडून कधी जमलं नसतं. पण नवऱ्याचं 'टेबलाची बाजू बदलेल' हे म्हणणं अर्धंच खरं आहे. इकडे एखादा अभ्यास वाईट आला तर तुमचा धर्म तो पुढे आणणं हा आहे. तिकडे तो पुढे आणायचा की आणखी एक करून बघायचा, हे ठरवणारा माणूस तुमच्या वर बसलेला असेल. म्हणून मुलाखतीत पगार, गाडी, शाळेची फी हे सगळं विचाराच, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा : प्रतिकूल अभ्यास आला तर तो कुणाच्या सहीने बाहेर जातो? उत्तर देणारा किती वेळ थांबतो ते बघा.

आणि एक गोष्ट आजच्या आज. त्या कंपनीची एखादी फाइल आत्ता तुमच्याकडे असेल तर वरिष्ठांना लेखी कळवून ती सोडा. विचारणा आली आहे, उत्तर दिलेलं नाही, एवढ्यावरही सोडा. तोंडी नको. उद्या तुम्ही गेलात किंवा राहिलात, कुणीतरी तारखा जुळवून बघणार, आणि अकरा वर्षांची सही तिथे डागाळेल. राजीनाम्याने हक्काचं काय जातं, काय राहतं, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. चहाच्या टेबलावरच्या माहितीवर लोक आयुष्याचे निर्णय घेतात, मी पाहिलेत.

माझं मत विचाराल तर यंदा जाऊ नका. पुढच्या वर्षी जायचं असेल तर खुशाल जा. यंदा तुम्ही पगारासाठी जात नाही आहात, तो पंप दिसू नये म्हणून जाताय, आणि कीटकनाशक कंपनीच्या नोंदणी विभागात तो दिसायचा बंद होईल ही कल्पना थोडी गमतीची आहे, नाही का?

राहिल्या काकू. त्यांना सगळ्यात आधी 'हो' म्हणा. "हो काकू, माझ्याच हापिसातून पास होतात." त्यापुढे पण-बिण लावू नका, समिती, कायदा, शंभराचा भागाकार काही नको. त्या गप्प बसतील, किंवा भांडी जोरात आपटतील. थांबा. मग त्यांना सांगा की पास म्हणजे विष कमी झालं असं नव्हे. आणि पुन्हा असं काही घरात, शेजारी, वाडीत कुठेही झालं तर माणसाच्या आधी गाडीत बाटली चढवायची. लेबलवर उतारा लिहिलेला असतो. काही विषांवर ॲट्रोपिन चालतं, काहींना नेमका उताराच नाही, आणि समोर काय आहे हे डॉक्टरला वासावरून ओळखायला लावलं तर वेळ जातो. तुमच्या भावाचे दोन दिवस गेले. ही एक गोष्ट त्या घरातून गावभर नेतील, कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा लवकर. काकू लोकांचं ते काम चोख असतं.

आणि भावाला विचारा, त्या दिवशी दोन झाकणं घातली ती कुठल्या बाटलीच्या झाकणाने. ते झाकण अजून गोठ्यात कुठे पडलेलं असेल तर त्यात पाणी भरून सिरिंजने मोजा. हातमोजे घालून, अर्थात. किती मिलि भरलं ते मला कळवा.